शब्दाची रुजवात

(श्री विठ्ठल-रुखमाई मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील अखंड हरिनाम सप्ताहात, कलशारोहणाच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



मी काही वक्ता नाही. कीर्तनकार तर नाहीच नाही. एस.एस.सी. झाल्यावर तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो आणि पुढे कारकून झालो. माझे आयुष्य दप्तराच्या धुळीत गेले. अशा माणसाने या पवित्र जागी चार शब्द बोलावेत ही समितीची आज्ञा. ती मोडवत नाही म्हणून उभा राहिलो आहे. लहान तोंडी मोठा घास होईल, तरी आपण सांभाळून घ्याल अशी विनंती करतो.

देवळाचे काम आपण पाहतच आहात. वाडवडिलांच्या हातचे दगडी गर्भागार तसेच ठेवून सभामंडप नवा झाला. कोणी रोख दिले, कोणी वाळू दिली, कोणी आपला ट्रॅक्टर दिला. ज्याच्याजवळ काही नव्हते त्याने अंगमेहनत दिली. समितीने प्रत्येक रुपयाची पावती फाडली आणि दर एकादशीला जमाखर्चाचा कागद फळ्यावर लावला. त्या फळ्यापुढे उभे राहून बोटाने रकमा मोजणारी माणसे मी पाहिली आहेत. समितीला त्याचा राग आला नाही, उलट बरे वाटले. हिशेब पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे आपल्या गावाला कळते.

आता माझा प्रश्न असा, की रुपयाची पावती मागणारे आपण, धर्माच्या नावाने कोणी शब्द दिला तर त्याची पावती का मागत नाही?

आमच्या कचेरीत एक शब्द आहे, रुजवात. कोणी सातबाऱ्याची किंवा फेरफाराची नक्कल मागितली, की एक कारकून ती लिहून काढतो. पण तेवढ्याने ती खरी होत नाही. दुसरा माणूस मूळ नोंदवही समोर घेऊन बसतो आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. मग खाली दोन सह्या होतात, एक नक्कल करणाराची आणि एक रुजवात घेणाराची. आता बरेचसे काम संगणकावर गेले, पण जुन्या कागदाला अजूनही हीच रीत आहे.

मी नवीन असताना एकदा एका शेतकऱ्याची नक्कल लिहिली. मूळ वही वरच्या फळीवर होती आणि काढायला शिडी लागत होती. जवळच त्याच जमिनीची एक जुनी नक्कल पडली होती, तिच्यावरून मी उतरवून काढले. अव्वल कारकुनांनी रुजवातीला घेतले तर क्षेत्राच्या आकड्यात चूक. शून्य चार आर पाहिजे तिथे चाळीस आर पडले होते. चूक माझी नव्हती. ज्या नक्कलेवरून मी उतरवले तिच्यातच ती होती. साहेब रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "अरे, नक्कलेवरून नक्कल करू नकोस. शिडी लाव आणि मूळ काढ. तुझ्या एका शून्यापायी दोन भाऊ जन्मभर बोलायचे नाहीत."

हे वाक्य मी कचेरीत पाळले, पण घरात पाळले नाही. त्याची गोष्ट आज सांगणार आहे. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

माझे वडील वारले तेव्हा मी पंचविशीत होतो. आई चौथीपर्यंत शिकलेली. वडिलांनीच तिला ज्ञानेश्वरीची गोडी लावली होती. दिवेलागणीनंतर चूल आवरली की ती पोथी घेऊन बसे आणि बोट ठेवून ओवी ओवी वाची. वडील गेल्यावर तिला तेवढाच आधार उरला. त्याच वर्षी माझे लहान मूल सारखे आजारी पडत होते. अशा वेळी एका सप्ताहाला एक नावाजलेले वक्ते आले. त्यांचे गाव आणि नाव सांगत नाही, कारण मला कोणाची निंदा करायची नाही. आवाज भारदस्त होता आणि बोलणे असे, की शंका घ्यायला जागाच राहू नये. त्यांनी सांगितले, की नवरा गेलेल्या बाईने पोथीला हात लावू नये, त्याने मुलाबाळांना बाधा होते, आणि हे ज्ञानेश्वरीत स्पष्ट सांगितले आहे.

माझ्या मनात भीतीच होती आणि त्यांच्या शब्दाने ती पक्की झाली. मी घरी आलो, पोथी लाल फडक्यात बांधली आणि उंच फळीवर ठेवून दिली. आईला म्हणालो, "आई, आता राहू दे." तिने मला कारण विचारले नाही. एवढेच म्हणाली, "तू म्हणतोस तर राहू दे बाबा." त्यानंतर नऊ वर्षे ती पोथी त्या फळीवर होती, आणि दिवेलागणीनंतर आई भिंतीला टेकून नुसती बसून राहायची.

पुढे आपल्या देवळातले जुने विणेकरी नाना एकदा ओट्यावर बसले असता त्यांनी सहज विचारले, "तुझी आई हल्ली वाचत नाही का रे?" मी मोठ्या शहाणपणाने कारण सांगितले. नाना जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुठल्या अध्यायात आहे ते? ओवी कुठली?" मी म्हणालो, "महाराजांनी सांगितलं." नाना म्हणाले, "महाराजांनी सांगितलं ते ऐकलं. मी ओवी विचारतोय."

मला उत्तर देता आले नाही. कचेरीत रोज रुजवात घेणारा मी, घरात नक्कलेवरून नक्कल केली होती, आणि तीही तोंडी.

मग मी सार्थ ज्ञानेश्वरीची प्रत आणली. आषाढीला पहिल्या अध्यायाला बसलो आणि कार्तिकीपर्यंत अठरा अध्याय पुरे केले. मूळ ओवी वाचायची, खालचा अर्थ पाहायचा आणि वहीत टिपून ठेवायचे, असा क्रम ठेवला. सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. नवरा गेलेल्या बाईने पोथीला हात लावू नये अशी आज्ञा मला त्यात कुठेही सापडली नाही. सापडले ते उलटच. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात, की माझा आश्रय घेतलेल्या स्त्रियाही परमगतीला जातात. त्याच अध्यायात माउली भक्तीपुढे कूळ आणि जात यांना काही किंमत देत नाहीत. माझ्या आईला ज्याने अडवले ते ग्रंथात नव्हते. ते एका माणसाच्या बोलण्यात होते, आणि माझ्या भीतीत होते.

त्या दिवशी मी पोथी खाली काढली. पण तोवर आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. पुढे ऑपरेशन झाले, तरी नजर पहिल्यासारखी झाली नाही. बारीक अक्षर तिला दिसत नाही. तेव्हापासून मी वाचतो आणि ती ऐकते. गंमत अशी, की घाईत माझी एखादी ओवी सुटली तर ती लगेच म्हणते, "मधली राहिली." नऊ वर्षांत पोथीला हात लागला नाही, तरी पोथी तिच्या तोंडात होतीच. आमच्या घरात नक्कल करणारा मी आहे, आणि रुजवात घेणारी ती आहे.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. उद्या सकाळी कलशाची मिरवणूक आहे. मंगल कलश फक्त सुवासिनींनीच डोक्यावर घ्यावेत, नवरा गेलेल्या बायांनी मिरवणुकीत मागे राहावे, असे काही मंडळींचे म्हणणे आहे. त्यांच्या मनात वाईट नाही. पूर्वापार चालत आले आहे म्हणून ते म्हणतात. पण "शास्त्रात आहे" असेही त्यांतले काही म्हणाले. समितीने विचारले, कुठल्या शास्त्रात? बैठक दोनदा झाली, पण अजून कोणी दाखवलेले नाही. म्हणून आज या विषयावर बोलावे असे मला सांगण्यात आले.

कोणी म्हणेल, महाराजांना आधार विचारणे हा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. उलट आपल्या वारकरी संप्रदायाची रीतच आधाराची आहे. कीर्तनकार एखादा विचार मांडतो तेव्हा प्रमाण देतो. प्रमाण हा शब्दच आपण वापरतो. ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत किंवा तुकोबारायांची गाथा यांतले वचन तो देतो, आणि पाठीमागचे टाळकरी ते उचलून म्हणतात. टाळकऱ्याला प्रमाण पाठ असावे लागते. कीर्तनकाराचा शब्द चुकला, तर जाणता टाळकरी हळूच बरोबर शब्द पुरवतो, आणि चांगला कीर्तनकार त्याला मान हलवून दाद देतो. भर कीर्तनात उभ्याउभ्या रुजवात होते ती ही. जो प्रमाण विचारल्यावर रागावतो, त्याच्यापेक्षा जो थांबून अध्याय सांगतो, त्याच्या पायावर डोके ठेवावे.

आणि ही रीत आजची नाही. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली. नक्कलेवरून नक्कल होत गेली. कोणाच्या हातून शब्द चुकला, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने सोपा घातला, आणि कोणी तर भक्तीच्या भरात आपलीच ओवी आत घुसडली. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ग्रंथ मुळात अतिशय शुद्धच होता, पाठांतरामुळे त्यात भेसळ झाली, असे त्यांनी शेवटी लिहून ठेवले आहे. यापुढे जो कोणी आपली ओवी यात घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा इशाराही त्यांनी दिला आहे.

विचार करा. नाथ स्वतः केवढे कवी! एकनाथी भागवत आणि भावार्थ रामायण त्यांच्या लेखणीतून उतरले. त्यांच्या ओव्या घातल्या असत्या तर कोणाला वाईट वाटले असते? पण त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. माउलींच्या नावावर माउलींचेच राहिले पाहिजे, हा त्यांचा धर्म. मोठा अधिकार असून ज्याने आपला शब्द बाजूला ठेवला तो नाथांसारखा संत, आणि अधिकार नसताना जो आपला शब्द माउलींच्या नावावर खपवतो त्याला काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

तुकोबारायांचेही तेच. अभंगाच्या शेवटी त्यांच्या नावाची मुद्रा घातली की झाला तो त्यांचा अभंग, असे समजून कितीतरी रचना त्यांच्या नावावर चालल्या. म्हणून जुन्या वह्या शोधाव्या लागल्या. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली हस्तलिखिते ताडून गाथा छापली गेली, तिचा पहिला भाग १८६९ साली आणि दुसरा १८७३ साली निघाला. पुढे १९५० साली सरकारने गाथा काढली, तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. महाभारताचे काम तर त्याहून मोठे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत ते १९१९ साली सुरू झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते गोळा करून श्लोक श्लोक ताडला गेला, आणि काम १९६६ साली पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे! ही माणसे काय नास्तिक होती? ग्रंथावर प्रेम असल्याशिवाय एवढी रुजवात कोणी घेत नाही.

खुद्द भगवंताचे म्हणणे काय आहे? गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात ज्ञान मिळवण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. नमस्कार करावा, सेवा करावी आणि प्रश्न विचारावा. आपण पहिल्या दोन पाळतो आणि तिसरी सोडून देतो. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी, काय करावे आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र प्रमाण धर, असे सांगितले आहे. बोलणाऱ्याचा आवाज प्रमाण धर, असे म्हटलेले नाही. आणि अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात सगळे सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. प्रत्यक्ष परमात्मा विचार करायला सवड देतो, आणि आपल्यातला एखादा वक्ता मात्र "विचारू नका, ऐका" म्हणतो.

मात्र एक सावधगिरी हवी. ओळ सापडली म्हणजे काम संपले असे नाही. कचेरीतला दाखला देतो. एखाद्या प्रकरणाच्या फाईलमध्ये अर्जदाराचा अर्ज असतो, सामनेवाल्याचा जबाब असतो आणि शेवटी निकाल असतो. कोणी अर्जातला मजकूर दाखवून "सरकारी फाईलमध्ये असं लिहिलंय" म्हणाला, तर खोटे बोलला असे नाही. पण अर्ज म्हणजे निकाल नव्हे. गीतेच्या पहिल्या अध्यायात कुळाचा नाश होईल, स्त्रिया बिघडतील अशी वाक्ये आहेत. लोक ती दाखवतात आणि "गीता म्हणते" असे सांगतात. पण ती बोलणारा कोण? गळून गेलेला अर्जुन. भगवंताचा उपदेश पुढे दुसऱ्या अध्यायात सुरू होतो, आणि त्या वेळी ते अर्जुनाचे कौतुक करत नाहीत. तेव्हा ओळ कुठे आहे, एवढेच न पाहता ती कोणाची आहे आणि तिच्या मागेपुढे काय आहे, हेही पाहावे.

आणि कोणी खरोखरच कुठल्या जुन्या ग्रंथातून बाईला मागे ठेवणारे वचन काढून दाखवले तर? मी पंडित नाही. पण माझ्यासारख्याला एक साधे माप आहे. आपले दैवत विठ्ठल आणि आपली वाट संतांची. संतांनी ग्रंथ कसा वाचला ते त्यांच्या वागण्यावरून पाहावे. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा आणि बहिणाबाई यांचे अभंग आपण देवापुढे म्हणतो. त्यांतली कोण कोणाची दासी होती, कोण गणिकेच्या पोटी जन्मली. त्यांना देवाने मागे उभे केले नाही. मग देवळाच्या मिरवणुकीत आपल्या आईला मागे उभे करणारे आपण कोण?

जुन्या काळी फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहीत. नोटीस निघायची, हरकतीला मुदत मिळायची, आणि मंजुरी झाल्यावरच ती शाईने पक्की व्हायची. माझी आपणाला एवढीच विनंती आहे. कोणी कितीही मोठा असो, नवीन काही सांगितले तर ते ऐका, मान द्या, पण मनाच्या सातबाऱ्यावर ते आधी पेन्सिलीने लिहा. घरी या, शिडी लावा आणि पोथी काढा. जुळले तर शाईने पक्के करा. नाही जुळले तर खोडून टाका, भांडण नको. मोबाइलवर "माउली म्हणतात" म्हणून येते त्यालाही हाच नियम लावा. आणि मी आज जे बोललो त्यालाही लावा. मी अध्यायांचे आकडे मुद्दाम सांगितले आहेत. घरी जाऊन पाहा. चूक निघाली तर मला सांगा, मी दुरुस्ती करीन.

यासाठी एक सूचना करतो. नव्या सभामंडपात कपाट केले आहे. त्यात सार्थ ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि गाथा यांच्या दोन दोन प्रती ठेवाव्यात, आणि कपाटाला कुलूप लावू नये. देणगीदारांनी दिलेला दगड शंभर वर्षे टिकेल. पण देवळात बसून चार पोरे आणि चार आया ओवी शोधतील, तर देऊळ खऱ्या अर्थाने उभे राहिले असे होईल. त्या प्रतींचा खर्च मी माझ्या पगारातून देतो, त्याचीही पावती मला मिळावी.

त्या वक्त्याचा मला आता राग नाही. त्यांनीही बहुधा कोणाकडून तरी ऐकले असेल आणि पुढे सांगितले असेल. नक्कलेवरून नक्कल झाली. राग आहे तो माझा माझ्यावर. आईने नऊ वर्षांत मला एकदाही दोष दिला नाही. पण ती नऊ वर्षे मला परत आणून देता येत नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी पोथी फळीवर असेल, तर आज रात्रीच खाली काढा. उशीर करू नका.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर लेकरू समजून क्षमा करावी. रामकृष्ण हरी.

(छपाईला देताना एवढे जोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्राचा आधार कोणी आणला नाही. समितीने सगळ्या मायबहिणींना कलश घेण्याची विनंती केली. काही जणींनी घेतला, काही जणी जुन्या सवयीने संकोचून मागे राहिल्या. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. माझ्या आईला कलशाचे ओझे झेपले नसते, म्हणून नानांनी तिच्या हातात ज्ञानेश्वरी दिली. पोथी घेऊन ती देवळापर्यंत सर्वांच्या पुढे चालत गेली.)